आधी माप, मग यंत्र

तंजावूर म्हटले, की मराठी वाचकाच्या मनात प्रथम भोसले घराण्याची आठवण जागी होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कावेरीकाठी स्थापन केलेले हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या घराण्यातील सरफोजीराजे दुसरे (१७७७-१८३२) यांचे नाव आजही सरस्वती महाल ग्रंथालयामुळे जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी कोरवून घेतलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख पाहावयास मराठी प्रवासी आवर्जून जातात.

सरफोजीराजांच्या चरित्राचा एक पैलू मात्र आजच्या ग्राहकाच्या दृष्टीने विशेष मननीय आहे. नव्या साधनांचे त्यांना अपार आकर्षण होते. परंतु ती साधने त्यांनी दिवाणखान्यात मांडून ठेवली नाहीत. १८०५ च्या सुमारास त्यांनी नागरी लिपीचे मुद्रणालय उभारले, ते ग्रंथ छापण्यासाठी. नेत्रचिकित्सेत त्यांनी लक्ष घातले, तेव्हा रुग्णांच्या नोंदी आणि डोळ्यांची रेखाटनेही करवून घेतली. ती सरस्वती महालात जतन झाली आहेत. काम अगोदर निश्चित असले म्हणजे साधनाची निवड सोपी होते आणि त्यावर झालेला खर्चही सार्थकी लागतो, हा त्यातील बोध होय.

आजच्या तंजावूरमध्ये हाच बोध एका अगदी निराळ्या खरेदीला लागू पडतो. १९८४ मध्ये महाविद्यालय म्हणून सुरू झालेले आणि आज अभिमत विद्यापीठ असलेले ‘शास्त्र’, तसेच वल्लम येथे १९८८ मध्ये स्त्रियांचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली पेरियार मणियम्मै ही संस्था, अशा शिक्षणकेंद्रांमुळे हे शहर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी गजबजलेले असते. यंत्र व स्थापत्य अभियांत्रिकी असो वा वास्तुकला, संगणकाच्या साहाय्याने आरेखन, म्हणजेच कॅड, आल्यावाचून राहत नाही. मग घरात प्रश्न उभा राहतो : कॅड चालेल असा लॅपटॉप कोणता घ्यावा? भातशेतीवर अवलंबून असलेल्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुटुंबाला सत्तर-ऐंशी हजारांची ही खरेदी किरकोळ नसते. निवड चुकली, तर पैसा जातोच, शिवाय मुलाच्या वा मुलीच्या शिक्षणाची दोन-तीन वर्षे अडखळत जातात. पुणे, नाशिक वा कोल्हापूरच्या पालकांपुढेही हाच प्रश्न असतो. म्हणून त्याचा विचार जरा विस्ताराने करणे उचित ठरेल.

नारळाच्या पातीवरचे माप

तंजावूर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ स्वामिमलै हे गाव आहे. तेथील स्थपती पिढ्यान्‌पिढ्या मेण वितळवून धातूच्या मूर्ती ओततात. राळमिश्रित मेणाची प्रतिकृती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे लेप चढवायचे, तापवून मेण बाहेर काढायचे आणि पोकळीत वितळलेला धातू ओतायचा, अशी ही पद्धत आहे. स्वामिमलैच्या कांस्यमूर्तींना भौगोलिक निर्देशनाचे संरक्षणही लाभले आहे.

या स्थपतींचे मोजमापाचे पारंपरिक साधन कोणते? नारळाच्या झावळीची एक पात! नियोजित मूर्तीच्या उंचीइतकी पात कापून घ्यायची, तिच्या शास्त्रोक्त प्रमाणात घड्या घालायच्या आणि त्या घड्यांवरून मुख, कंठ, वक्ष, कटी यांची मापे घ्यायची. मूर्ती लहान असो वा मोठी, पात त्या मूर्तीपुरती असते. ती गरजेपेक्षा बोटभर लांब नसते, बोटभर आखूडही नसते.

लॅपटॉपच्या निवडीतही हीच दृष्टी हवी. दुकानातील सर्वांत महाग यंत्र म्हणजे सर्वांत योग्य यंत्र नव्हे आणि सर्वांत स्वस्त यंत्र म्हणजे बचत नव्हे. आपल्या कामाची ‘पात’ आधी कापावी, मग बाजारात पाऊल टाकावे.

काम कोणते, हे प्रथम ठरवावे

कॅडचा इतिहास तसा फार जुना नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली आणि पडद्यावर रेषा काढण्याची कल्पना साकार झाली. १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ आले आणि आरेखन वैयक्तिक संगणकावर उतरले. आज मात्र ‘कॅड’ या एका शब्दाखाली परस्परांहून फार भिन्न अशी कामे येतात. सोयीसाठी त्यांचे तीन गट करता येतील.

पहिला गट द्विमिती आरेखनाचा. घराचा नकाशा, विद्युत्‌जोडणीचा आराखडा, पाणीपुरवठ्याची रेखाटने ही कामे या गटात मोडतात. बांधकाम ठेकेदार, नकाशे काढून देणारे आरेखक आणि प्रथम वर्षाचे विद्यार्थी यांचे बहुतांश काम येथेच असते. यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड अनिवार्य नाही. आधुनिक प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर असे काम सुखेनैव होते.

दुसरा गट त्रिमिती प्रतिमानांचा. यंत्राचे सुटे भाग, त्यांची जुळणी, इमारतीचे संपूर्ण त्रिमिती प्रतिमान ही त्याची उदाहरणे. सॉलिडवर्क्स, रेव्हिट यांसारखी सॉफ्टवेअरे येथे लागतात. यंत्र, स्थापत्य आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून याची गरज भासते. येथे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि पुरेशी रॅम हवी.

तिसरा गट सर्वांत जड. नियोजित वास्तूची छायाचित्रासारखी भासणारी चित्रे तयार करणे, भागांवरील ताण-दाबाचे विश्लेषण करणे, लेसर यंत्राने टिपलेल्या कोट्यवधी बिंदूंवरून जुन्या वास्तूचे प्रतिमान उभारणे ही कामे या गटात येतात. तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराचे उदाहरण घेऊ. राजराज चोळाने बांधलेले आणि इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेले हे मंदिर आज जागतिक वारसास्थळ आहे. साठ मीटरांच्या घरात उंची असलेल्या तेरा तलांच्या त्याच्या विमानाचा सविस्तर वास्तुशास्त्रीय अभ्यास पिएर पिशार या फ्रेंच वास्तुविशारदाने केला आणि तो १९९५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. अशा वास्तूचे दस्तऐवजीकरण आज लेसर पद्धतीने करावयाचे झाल्यास माहितीचा डोंगर उभा राहतो. तो पेलण्यास साधा लॅपटॉप अपुरा पडतो. तेथे वर्कस्टेशन दर्जाचे यंत्रच हवे.

आपले काम कोणत्या गटातील आहे, हे ठरले की निम्मा प्रश्न सुटला. विद्यार्थ्यांनी त्यासाठी विभागातील अध्यापकांकडून पुढील सर्व वर्षांत लागणाऱ्या सॉफ्टवेअरची नावे लिहून घ्यावीत. प्रत्येक सॉफ्टवेअरचा निर्माता किमान आणि शिफारस केलेली यंत्रसामग्री जाहीर करीत असतो. ती वाचूनच पुढील पाऊल टाकावे.

यंत्राचे अवयव आणि त्यांची कामे

प्रोसेसर : प्रतिमान घडवीत असताना कॅड सॉफ्टवेअर बहुतेक वेळा प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर भार टाकते, कारण एक कृती पूर्ण झाल्याखेरीज पुढची करता येत नाही. म्हणून येथे गाभ्यांच्या संख्येपेक्षा एकेका गाभ्याचा वेग महत्त्वाचा ठरतो. चित्रनिर्मितीत मात्र काम वाटून घेता येते, तेव्हा अधिक गाभे उपयोगी पडतात. प्रोसेसरच्या नावातील शेवटचे अक्षरही पाहावे. ‘यू’ हे अक्षर सामान्यतः कमी वीज घेणाऱ्या, हलक्या कामाच्या प्रोसेसरचे, तर ‘एच’ किंवा ‘एचएक्स’ ही अक्षरे जड कामाच्या प्रोसेसरची निदर्शक आहेत.

रॅम : ऑटोकॅडच्या २०२५ च्या आवृत्तीसाठी निर्मात्याने ८ जीबी रॅम किमान, तर ३२ जीबी शिफारशीची म्हणून सांगितली आहे. सॉलिडवर्क्ससाठी १६ जीबी वा अधिक अपेक्षित असते. विद्यार्थ्याने १६ जीबीपासून आरंभ करावा. परंतु रॅम पुढे वाढविता येते की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. काही सडपातळ लॅपटॉपमध्ये ती मूळ फलकावर कायमची जोडलेली असते. तेथे नंतर पश्चात्ताप करून उपयोग नसतो.

ग्राफिक्स कार्ड : त्रिमिती प्रतिमान पडद्यावर फिरवणे हे याचे काम. येथे ग्राहकाची हमखास फसगत होते, कारण एकाच नावाची चिप निरनिराळ्या लॅपटॉपमध्ये निरनिराळ्या शक्तीने चालते. उदाहरणार्थ, एन्व्हिडियाची ‘आरटीएक्स ४०६०’ ही लॅपटॉपची चिप यंत्रागणिक ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेत बसविलेली असू शकते. नाव तेच, कामाचा वेग निराळा! म्हणून वॅटचा आकडा विचारावा. व्यावसायिकांनी आपल्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्याने प्रमाणित केलेल्या कार्डांची यादीही पाहावी. विद्यार्थ्यास मात्र खेळांसाठी बनविलेल्या लॅपटॉपमधील कार्ड बहुधा पुरेसे होते आणि ते तुलनेने स्वस्तही पडते.

साठवण आणि पडदा : फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असावी, हे आता वेगळे सांगावयास नको. क्षमता ५१२ जीबीपेक्षा कमी नसावी. पडदा १५ इंचांहून लहान असल्यास आरेखनातील बारीक अक्षरे वाचताना डोळ्यांना शीण होतो. तीन बटणांचा साधा माऊस हा काही शे रुपयांचा खर्च असला, तरी कॅडच्या कामात तो टाळू नये.

कार्यप्रणाली : सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही दोन्ही सॉफ्टवेअरे विंडोजसाठी बनविलेली आहेत. ऑटोकॅडची मॅकसाठी स्वतंत्र आवृत्ती आहे, पण तीत विंडोज आवृत्तीच्या सर्व सुविधा नाहीत. देखण्या रूपावर भाळून दुसऱ्या प्रणालीचे यंत्र घेण्यापूर्वी अभ्यासक्रमातील सॉफ्टवेअर त्यावर चालेल का, याची खातरजमा करावी. एआरएम जातीचे प्रोसेसर असलेल्या विंडोज लॅपटॉपबाबतही हीच दक्षता घ्यावी.

जुना लॅपटॉप घ्यावा का?

मोठ्या कंपन्यांनी वापरून विक्रीस काढलेले वर्कस्टेशन लॅपटॉप पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात आणि दणकट असतात. तेव्हा हा पर्याय सरसकट त्याज्य नाही. मात्र विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जे जुने यंत्र विंडोज ११ साठी पात्र नाही, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. पात्र असल्यास बॅटरीची अवस्था, हमीचा कालावधी आणि रीतसर बिल या तीन गोष्टी पाहाव्यात. बिलाविना घेतलेल्या यंत्रावर कर्ज मिळत नाही आणि विमाही उतरविता येत नाही.

ऊन आणि वीज

तंजावूरचा उन्हाळा कडक असतो. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना तो वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला, की स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करतो. कागदावर उत्तम दिसणारे सडपातळ यंत्र दुपारच्या उकाड्यात मंदावते, ते याच कारणाने. जड कामासाठी घ्यावयाच्या लॅपटॉपमध्ये पंखे आणि हवा खेळण्याच्या फटी पुरेशा आहेत ना, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे. गादीवर ठेवून काम करणे टाळावे. सपाट, कठीण पृष्ठभाग वापरावा.

विजेचा विचारही तितकाच आवश्यक आहे. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गाजा’ चक्रीवादळानंतर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात होती. असे प्रसंग विरळा. पण रोजचा वीजपुरवठा खंडित होणे कोणास चुकले आहे? शक्तिशाली ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप बॅटरीवर असताना पूर्ण शक्तीने चालत नाही आणि जड कामात बॅटरी लवकर उतरते. जेथे वीज वारंवार जाते तेथे त्याची तजवीज आधीच करावी. काम दर काही मिनिटांनी जतन करण्याची सवय तर अंगी बाणवावीच.

सॉफ्टवेअर अधिकृतच हवे

यंत्रावर ऐंशी हजार खर्च केल्यानंतर सॉफ्टवेअर मात्र कोणा मित्राकडून ‘फुकट’ मिळवावे, ही वृत्ती सर्वत्र आढळते. ती बेकायदा आहेच, पण बँकेच्या ग्राहकासाठी तीत आणखी एक धोका दडलेला आहे. कुलूप तोडलेल्या अशा सॉफ्टवेअरबरोबर हेरगिरी करणारे प्रोग्रॅम येऊ शकतात. आणि ज्या लॅपटॉपवर आरेखन होते, त्याच लॅपटॉपवरून घरातील कोणीतरी नेट बँकिंगही करीत असते! पासवर्ड चोरीस गेल्यावर होणारे नुकसान सॉफ्टवेअरच्या किमतीहून कितीतरी मोठे असू शकते.

सुदैवाने विद्यार्थ्यांना असा मार्ग धरण्याचे कारणच नाही. ऑटोकॅडची निर्माती ऑटोडेस्क ही कंपनी पात्र विद्यार्थ्यांना शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य परवाना देते. ज्यांना व्यावसायिक वापरासाठीही खर्च टाळावयाचा आहे, त्यांच्यासाठी ‘फ्रीकॅड’ हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे, त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

कर्ज किती, मुदत किती?

आता बँकेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत, अभ्यासक्रमासाठी आवश्यक असल्यास, वाजवी किमतीच्या संगणकाचा खर्च अंतर्भूत करता येतो. मात्र तो अर्ज करतानाच दाखवावा आणि सोबत विक्रेत्याचे दरपत्रक जोडावे. अभ्यासक्रमाच्या काळात व त्यानंतर एक वर्षापर्यंत परतफेड सुरू होत नसली, तरी व्याज थांबत नाही, हे ध्यानी ठेवावे. उदाहरणादाखल, ऐंशी हजारांवर १० टक्के दराने सरळव्याज धरल्यास पाच वर्षांत चाळीस हजार रुपये व्याज साचते. ज्या पालकांना शक्य आहे त्यांनी हे व्याज दरमहा भरत जावे. तसेच प्रथम वर्षाचे आरेखन महाविद्यालयाच्या संगणककक्षात होणार असेल, तर खरेदी दुसऱ्या वर्षापर्यंत लांबविणे श्रेयस्कर ठरते. त्या अवधीत व्याज वाचते आणि तेवढ्याच पैशांत अधिक सक्षम यंत्र मिळण्याची शक्यता असते.

व्यावसायिकाचा हिशेब थोडा वेगळा आहे. समजा, एका आरेखकाने ऐंशी हजारांचा लॅपटॉप ११ टक्के दराच्या कर्जातून घेतला. तीन वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे २,६१९ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १४,३०० रुपये होईल. पाच वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे १,७३९ रुपयांवर उतरेल, पण व्याज सुमारे २४,४०० रुपयांवर जाईल. लहान हप्ता मोहात पाडतो. परंतु संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरला, तर दोन वर्षांनी या लॅपटॉपचे वहीतील मूल्य २८,८०० रुपये उरते. त्या वेळी तीन वर्षांच्या कर्जाची बाकी सुमारे २९,६०० रुपये असेल, म्हणजे मूल्याच्या जवळपास बरोबरीची. पाच वर्षांच्या कर्जाची बाकी मात्र सुमारे ५३,१०० रुपये असेल. यंत्र झिजून गेले आणि कर्ज तसेच राहिले, अशी ही स्थिती होय. यंत्राचे उपयुक्त आयुष्य संपण्यापूर्वी त्याचे कर्ज फिटावे, हा साधा दंडक पाळल्यास पुढच्या खरेदीसाठी ग्राहक पुन्हा मोकळ्या मनाने बँकेत येऊ शकतो.

लघुउद्योजकांना यासाठी मुद्रा योजनेचा आधार घेता येईल. मूर्तिकारांसारख्या पारंपरिक कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना आहे. तीत १८ व्यवसायांचा समावेश असून पहिल्या टप्प्यात १ लाख आणि दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज ५ टक्के सवलतीच्या दराने मिळण्याची तरतूद आहे. स्वामिमलैसारख्या गावातील एखाद्या कार्यशाळेस आपल्या नमुन्यांची संगणकीय नोंद ठेवावयाची असेल, तर कोणती योजना लागू पडते हे जवळच्या शाखेत विचारून घ्यावे. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने बिल व्यवसायाच्या नावे व नोंदणी क्रमांकासह घ्यावे, म्हणजे भरलेल्या कराची वजावट नियमानुसार मागता येते.

दुकानात जाण्यापूर्वी

एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : लागणाऱ्या सॉफ्टवेअरची नावे व आवृत्त्या, त्यांच्या निर्मात्यांनी सांगितलेली यंत्रसामग्री, यंत्र किती वर्षे वापरावयाचे आहे ती मुदत, दरमहा सहज पेलेल असा हप्ता, आणि बिघाड झाल्यास आपल्याच शहरात मिळणारी दुरुस्तीची सोय. या पाचही ओळी भरल्यानंतर दुकानातील शंभर नमुन्यांपैकी तीन-चारच विचारार्थ उरतात. त्यांतून शक्य असल्यास आपलेच एखादे जड आरेखन उघडून, फिरवून पाहावे आणि मग निर्णय करावा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले वाडवडील सांगत आले. कॅडच्या लॅपटॉपबाबत त्यास इतकीच पुस्ती जोडता येईल, की पायांची लांबीही आधी मोजून घ्यावी. अपुरे यंत्र घेऊन विद्यार्थ्याला चार वर्षे ताटकळत ठेवणे आणि अवाजवी यंत्र घेऊन कुटुंबाला पाच वर्षे हप्त्यांत गुंतवणे, हे दोन्ही टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी लागतो तो एक कागद, एक पेन्सिल आणि खरेदीपूर्वीचा एक निवांत तास.